परिचारिकेची पारख



रहिमतपूरसारख्या गावातली एखादी मुलगी नर्सिंगला जाणार असे ठरले, म्हणजे घरात तीन प्रश्न हटकून निघतात. किती वर्षे लागतात, खर्च किती येतो, आणि पुढे नोकरी मिळते का? प्रश्न रास्तच आहेत. पण चौथा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारीत नाही. तिथे तिला पास-नापास ठरवणार कोण, आणि ते कशावरून? शाळेतले गणित सोपे असते. उत्तर बरोबर तरी असते किंवा चूक तरी. पण रात्री दोन वाजता तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्याची कूस बदलून, ओली चादर काढून कोरडी घालताना त्याची झोप मोडू दिली नाही, याला गुण किती द्यायचे? कागदावर ते मांडायचे कसे? या प्रश्नाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या या भागातूनच गेलेला आहे.

आरंभ मात्र लंडनला होतो. १८६० सालच्या जुलै महिन्यात सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत पंधरा उमेदवार बाया होत्या. शिक्षण एक वर्षाचे. मेट्रन होत्या मिसेस वॉर्डरोपर. प्रत्येक उमेदवार बाईचा दर महिन्याला एक तक्ता भरला जाई. त्या तक्त्याचे दोन भाग होते. एका भागात कामाचे रकाने : जखमा बांधणे, जळवा लावणे, एनिमा देणे, बिछाना घालणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हाताशी उभे राहणे, रोग्याचे जेवण शिजवणे, वॉर्डात हवा खेळती ठेवणे, आणि रोग्याचे निरीक्षण. दुसऱ्या भागात स्वभावाचे रकाने : वेळेवर येते का, आवाज न करता वावरते का, विश्वासू आहे का, स्वतः स्वच्छ राहते का, वॉर्डाची व्यवस्था ठेवते का. प्रत्येक रकान्यात पाच शेऱ्यांपैकी एक शेरा. उत्तम, चांगले, मध्यम, अपुरे, आणि शेवटी शून्य. शिक्षकमंडळींना यात आपल्या गोपनीय अहवालाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही!

यात लक्षात घेण्यासारखे असे की, लेखी परीक्षेला इथे मुख्य जागा नाही. व्याख्याने होती, टिपणेही काढावी लागत, पण निकाल लावणारी होती ती मेट्रनची आणि वॉर्डातल्या सिस्टरची नजर. ज्या बाईने वर्षभर बाजूला उभे राहून काम पाहिले, तिनेच पारख करायची. आपल्याकडे सुताराचा उमेदवार असाच शिके, सोनाराचाही. आणि गावातली सुईण? तिची परीक्षा तर दर बाळंतपणाला होत असे, आणि निकाल साऱ्या गल्लीला कळत असे.

आता मुंबईकडे येऊ. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या निधीने स्त्रियांना वैद्यकीय मदत पोचवण्याचे काम देशभर सुरू झाले. १८८६ मध्ये मुंबईचे कामा रुग्णालय उघडले. परिचारिकांचे रीतसर शिक्षणही मुंबईत त्याच सुमारास सुरू झाले. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या शिक्षणासाठी दाखल झाल्या. या शिक्षणाला आलेली पहिली हिंदी स्त्री म्हणून त्यांचे नाव नर्सिंगच्या इतिहासात नोंदलेले आहे. तोवर या शाळांतून युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलीच प्रामुख्याने दिसत. पुढेही पुष्कळ वर्षे हिंदी मुलींत ख्रिस्ती मुलींचा भरणा अधिक राहिला. त्याचे कारण उघड आहे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, रात्रपाळी, विटाळाच्या साऱ्या कल्पना पायदळी तुडवणारे काम. कोणता बाप तयार होणार? मुलगी नर्स झाली म्हणजे तिचे लग्न जमणार नाही, ही भीती तर अगदी परवापरवापर्यंत ऐकू येत होती.

आणि आता आपले मिरज. रहिमतपूरच्या स्टेशनावर गाडीत बसले की ती कऱ्हाड, सांगली करीत मिरजेला जाते. पुणे-मिरज हा लोहमार्ग १८९० च्या सुमारास झाला आणि त्याने या भागातल्या रोग्यांचा प्रवासच बदलून टाकला. त्याच सुमारास, १८८९ मध्ये, डॉक्टर विल्यम वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे तरुण डॉक्टर इकडे आले. आधी सांगलीत काम केले, मग मिरज संस्थानात आले. १८९४ मध्ये रुग्णालय उभे राहिले. वानलेस हे शस्त्रक्रियेत नावाजलेले. पुढे १९२८ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. पण शस्त्रवैद्य कितीही निष्णात असो, त्याचे काम तासाभराचे. त्यानंतरचे आठ-दहा दिवस रोगी असतो तो परिचारिकेच्या हाती. जखमेचे फडके कोणी बदलले, हात धुऊन बदलले की न धुता, यावर रोगी घरी चालत जातो की खांद्यावरून जातो हे ठरायचे. म्हणून १८९७ मध्ये मिरजेला परिचारिकांची शाळा निघाली. पश्चिम भारतातल्या जुन्या शाळांपैकी ही एक.

हे १८९७ साल ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी पुण्यात प्लेगने कहर केला होता. सावित्रीबाई फुले (आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकी) आपले चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि तिथेच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांनी नर्सिंगची कोणतीही परीक्षा दिलेली नव्हती. नाइटिंगेलबाईंच्या तक्त्यात त्यांना कोणत्या रकान्यात कोणता शेरा मिळाला असता, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एक गोष्ट खरी, की प्लेगासारख्या साथीला नुसती माया पुरत नाही. संसर्ग कसा होतो, तो टाळायचा कसा, हे शिकवावेच लागते, आणि जे शिकवले ते आले की नाही हे तपासावेही लागते.

अशा रुग्णालयांतून शिकणारी मुलगी पायरीपायरीने कशी वर चढे, तेही सांगतो. पहिले काही महिने ती उमेदवार. तिच्या वाट्याला भांडी, बेडपॅन, चादरी, लोखंडी खाटा पुसणे. टिकते का, हे बघायचे असते. कित्येक मुली इथेच गळत. ती टिकली म्हणजे डोक्यावर टोपी येई. या टोपी देण्याचा समारंभच होत असे, हातात दिवा देऊन शपथ देत. मग थर्मामीटर, नाडी, तक्ता भरणे. त्यानंतर जखमा आणि मलमपट्टी. पुढे औषधे देणे. ती आधी दुसरीच्या देखरेखीखाली, मग स्वतःच्या जबाबदारीवर. मग शस्त्रक्रियागृह. आणि शेवटी रात्री साऱ्या वॉर्डाचा भार एकटीवर. कित्येक शाळांत टोपीवरच्या पट्ट्यांवरून किंवा कमरेच्या पट्ट्यावरून कोणती मुलगी कोणत्या वर्षाला आहे हे लांबून ओळखू येई. रोग्यांनाही ते कळे. नव्या टोपीची मुलगी सुई घेऊन आली, की म्हातारा हात मागे घ्यायचा आणि म्हणायचा, "मोठ्या बाईंना बोलाव."

ही रचना दिसायला सुरेख आहे. पण तिच्यात एक गाठ आहे, आणि ती गाठ फार काळ सुटली नाही. मुलगी शिकायला आलेली असते, आणि रुग्णालय तिच्या कामावर चालत असते. चादरी धुवायला माणूस नसला, तर मुलगी 'अजून तयार झालेली नाही' असे म्हणून तिला चादरींवरच ठेवणे सोयीचे असते. रात्रपाळीला माणूस नसला, तर जी तयार नाही तीही 'तयार' ठरते. पारख करणारी मेट्रन आणि काम करून घेणारी मेट्रन एकच. मग स्वभावाच्या रकान्यातले 'नम्र आहे' हे शब्द कधी खरोखरीच्या नम्रतेसाठी, तर कधी तोंड न उघडण्यासाठी वापरले जाणार, हे ओघानेच आले. सगळ्याच मेट्रन तशा होत्या असे मी म्हणत नाही. पण मुलीला दाद मागायला दुसरी जागा नव्हती, हे नाकारता येत नाही.

पुण्याकडे या शिक्षणाला निराळे वळण मिळाले ते रमाबाई रानडे यांच्यामुळे. त्याही मूळच्या आपल्याच भागातल्या. १८६२ मध्ये देवराष्ट्र्याला त्यांचा जन्म झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन उभे राहिले. रमाबाई आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर ही त्यामागची माणसे. दोन वर्षांत, १९११ मध्ये, सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली आणि विद्यार्थिनींच्या राहण्याची व्यवस्था आपल्याकडे घेतली. हे राहण्याचे महत्त्व मोठे होते. रुग्णालयात काम करणारी बाई संध्याकाळी कोठे परतते, यावर तिच्या घरची परवानगी अवलंबून होती. रमाबाईंचे नाव पाठीशी असल्यामुळे ज्यांनी एरवी उंबरा ओलांडला नसता अशा विधवा आणि परित्यक्ता इथे येऊ लागल्या.

पण दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. नर्सिंगच्या वर्गात बसायचे तर लिहिता-वाचता आले पाहिजे. थर्मामीटरचा आकडा वाचायचा, बाटलीवरची चिठ्ठी वाचायची, तक्ता भरायचा. वयात आलेल्या, अक्षर-ओळख नसलेल्या बाईने ते कोठे शिकायचे? सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग होते. म्हणजे नर्सिंगच्या शाळेची पहिली पायरी जिथे सुरू होते, त्याच्याही खाली आणखी काही पायऱ्या या मंडळींनी बांधल्या. परीक्षा अवघड करणे सोपे असते. परीक्षेपर्यंत पोचता येईल असा रस्ता करणे हे कष्टाचे काम, आणि त्याबद्दल इतिहासात फारसे लिहिले जात नाही.

इकडे विलायतेत एक मोठा वाद पेटला होता. एथेल बेडफर्ड फेनविक या बाई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून म्हणत होत्या की, परिचारिकांची सरकारी नोंदवही हवी, सर्वांना एकच परीक्षा हवी, आणि नोंद नसेल तिला स्वतःला नर्स म्हणवून घेता येऊ नये. त्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या त्या खुद्द नाइटिंगेलबाई! त्यांचे म्हणणे, परीक्षा घेऊन ज्ञान तपासता येईल, माणूस तपासता येणार नाही. नोंदवहीत नाव चढले की ते कायमचे चढते, पण चांगली परिचारिका ही रोज चांगली राहावी लागते. नाइटिंगेलबाई १९१० मध्ये वारल्या. इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा १९१९ मध्ये झाला, आणि त्या नोंदवहीत पहिल्या क्रमांकावर नाव लागले ते फेनविकबाईंचे.

या वादात कोणाची बाजू घ्यावी? मला विचाराल तर नोंदवहीची. नाइटिंगेलबाईंचे बोलणे खोटे नव्हते. पण त्यांच्या पद्धतीत मुलीचे सारे भवितव्य एका रुग्णालयाच्या एका बाईच्या शेऱ्यावर टांगलेले होते. बाहेरचा परीक्षक आला म्हणजे निदान एक तरी माणूस असा येतो, की ज्याला त्या मुलीकडून चादरी धुवून घ्यायच्या नसतात.

आपल्याकडे हेच व्हायला वेळ लागला. प्रत्येक रुग्णालय आपापले प्रमाणपत्र देई. कोठे दोन वर्षे, कोठे तीन. एका ठिकाणचा कागद दुसरीकडे चालेलच असे नाही. १९०८ मध्ये परिचारिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९०९ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी नर्सिंग असोसिएशन निघाली आणि इलाख्यातल्या शाळांना एका मापात आणण्याचे काम तिने अंगावर घेतले. मिशन रुग्णालयांनीही आपापली परीक्षा-मंडळे उभारली. कायद्याने नोंदणी आधी मद्रासेत आली, १९२६ साली. मुंबई इलाख्याचा परिचारिका, सुइणी व हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा. आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर १९४७ च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. तेव्हा कोठे साऱ्या देशाला एक अभ्यासक्रम लागू करण्याची सोय झाली.

मात्र तोपर्यंत परिस्थिती काय होती ती पाहा. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात हिशेब आहे : त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका, आणि साठ हजारांमागे एक शिकलेली सुईण. समितीला १९७१ पर्यंत पाचशे लोकांमागे एक परिचारिका हवी होती! एवढ्या मुली आणायच्या कोठून? मॅट्रिक झालेल्या मुली खेड्यात शोधूनही सापडायच्या नाहीत. म्हणून दोन श्रेणींचा विचार पुढे आला. वरची श्रेणी मॅट्रिकवाल्यांची, खालची माध्यमिक इयत्तांपर्यंत शिकलेल्यांची. १९५४ च्या शेट्टी समितीनेही पूर्ण शिक्षण घेतलेली परिचारिका आणि साहाय्यक परिचारिका-प्रसाविका अशा दोनच श्रेणी ठेवाव्यात असे सुचवले. साहाय्यक परिचारिका-प्रसाविका म्हणजेच आपल्या उपकेंद्रातली एएनएम बाई. १९५१ मध्ये हा अभ्यासक्रम देशात सुरू झाला. मुदत दोन वर्षांची होती, आणि आरंभी सातवी-आठवी झालेल्या मुलीलाही तो खुला होता.

खेड्यातल्या श्रोत्यांना परिचारिका म्हणून जी ठाऊक आहे ती ही बाई. एस.टी.तून उतरून, खांद्याला लसींची पेटी अडकवून वाडीवस्तीवर पायी जाणारी. बाळंतपणे तिने केली, देवीच्या आणि पोलिओच्या मोहिमा तिने पार पाडल्या. पण श्रेणीच्या दृष्टीने बघा. १९७७ च्या सुमारास तिचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आणला, नाव 'आरोग्य सेविका' झाले. पुष्कळ वर्षे नोकरी झाल्यावर सहा महिन्यांचे शिक्षण घेऊन ती आरोग्य सहायिका होऊ शकते. पण रुग्णालयातली स्टाफ नर्स व्हायचे तिच्या मनात आले, तर वीस वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून तिला जीएनएमच्या पहिल्या वर्षाला, आपल्या मुलीच्या वयाच्या मुलींबरोबर बसावे लागते. दोन जिने शेजारी-शेजारी बांधले, पण मधे दार ठेवले नाही. हा दोष मला मोठा वाटतो. शंभर बाळंतपणे सुखरूप केलेल्या हाताला काही मोल धरायला हवे होते.

आज काय आहे? जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यात अखेरचे सहा महिने इंटर्नशिप. बारावी कोणत्याही शाखेची चालते. इंग्रजी विषय घेऊन ४० टक्के गुण हवेत. एएनएमलाही आता बारावी लागते. बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखा हवी, जीवशास्त्रासह; ती परीक्षा नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. जीएनएम झालेल्या मुलीला पुढे दोन वर्षांत बी.एस्सी. करता येते. म्हणजे या जिन्याला तरी दार आहे.

आणि गुणांची रीत? लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळे धरतात. प्रत्येकात ५० टक्के मिळाल्याशिवाय पास नाही. लेखीतले चांगले गुण प्रात्यक्षिकातल्या कमी गुणांची भरपाई करीत नाहीत, किंवा उलटही होत नाही. लेखीच्या शंभरातले २५ गुण वर्षभरातल्या कामाचे, ते शाळेच्याच हाती, ७५ परीक्षेचे. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी हवी. पण प्रमाणपत्र हाती येण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के पुरी करावी लागते. वॉर्डातला बुडालेला प्रत्येक दिवस भरून द्यायचा. कोणते काम किती वेळा पाहिले, किती वेळा मदत केली, किती वेळा स्वतः केले, याची नोंदवही असते आणि तिच्यावर शिकवणाऱ्यांची सही लागते. १८६० सालच्या त्या तक्त्याचा कामाचा भाग इथे असा शिल्लक आहे. स्वभावाचे रकाने मात्र परीक्षेतून गेले. ते गेले ते बरेच झाले असे मी म्हणेन, कारण जे मोजता येत नाही त्याला शेरा देताना माणूस आपल्या आवडीनिवडी त्यात घालतो.

शेवटी शिक्षकबंधूंसाठी एक गोष्ट. आपल्याकडच्या मुली या अभ्यासक्रमात अडतात त्या कष्टांनी क्वचितच. शेतात राबलेल्या मुलीला बारा-बारा तास उभे राहण्याचे भय नसते. त्या अडतात इंग्रजीत, कारण शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे. आणि आश्चर्य वाटेल, पण त्या अडतात अंकगणितात. बाटलीत औषध एका मापाने भरलेले असते, डॉक्टर निराळ्या मापाने लिहून देतात, आणि मधला हिशेब परिचारिकेने करायचा असतो. कोणत्याही शाळेच्या फळ्यावर, मराठीतून, त्रैराशिक म्हणून तो आठवीतच शिकवता येतो. उदाहरणार्थ, दोन मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध आहे. रोग्याला १२५ मिलिग्रॅम द्यायचे आहे. सुईत किती घ्यावे? उत्तर अर्धा मिलिलिटर.